गोव्याचा इंत्रुज पुण्यात रुजवायचा आहे: काय न्यावं, काय मागे ठेवावं?

कॅम्पातली_गल्ली (धागाकर्ता)

कॅम्प-वानवडी भागातल्या शेजारशेजारच्या तीन सोसायट्या मिळून २०२७ मध्ये गोव्याच्या इंत्रुजाच्या धर्तीवर कार्निव्हल करायचं ठरतंय. माणसं साधारण २००. त्यातली निम्मी गोंयकार कॅथलिक, बाकी मराठी, थोडी मंगळुरी. हाताशी दोन सोसायट्यांमधली ९ मीटर रुंदीची आतली गल्ली, एक फरसबंद पटांगण आणि खुला रंगमंच नसलेला साधा सभागृह-हॉल. वर्गणीतून दीड लाखाच्या आसपास जमेल.

विचारायचं ते असं: फ्लोट (मिरवणुकीतले चित्ररथ) करायचेच का? परवानग्या कुठल्या? पिठाच्या पुड्यांची गंमत इथे कशी जमवायची? दक्षिण गोव्यातल्या साष्टीचा 'खेळ' (अंगणातलं लोकनाट्य) बाहेर करता येतो का? खाण्याचं काय? फक्त 'थीम पार्टी' व्हायला नको, एवढीच सगळ्यांची इच्छा आहे. जाणकारांनी तपशिलात लिहावं.

---

साष्टीची_वाट

आधी नावाचा घोळ मिटवू. शब्द 'इंत्रुज', पोर्तुगीज 'एन्त्रुदो'वरून आलेला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात 'प्रवेश'. 'अंत्रुज' वेगळं, तो फोंड्याचा महाल. पत्रकांवर हमखास चुकतं.

दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं. टीव्हीवर दिसतो तो पणजीचा फ्लोटांचा ताफा, पुढे कार्निव्हलचा राजा मोमो, 'खा, पिये आनी मजा कर' हे फर्मान, हे सगळं १९६५ पासूनचं, सरकारी आणि पर्यटन डोळ्यांसमोर ठेवून उभं केलेलं रूप. त्याआधीचा इंत्रुज घरांचा आणि वाड्यांचा होता. एकमेकांच्या घरावर अचानक चालून जाणं (त्याला 'आसाल्त' म्हणत), तिथेच नाच, पिठाच्या आणि रंगाच्या पुड्या, रंगीत पाणी, अंगणातले खेळ. चांदोरला सोमवारी रात्री मुसळं आपटत होणारा मुसळां खेळ, दिवाडी बेटावर मुखवटे आणि घंटा घालून फिरणारे पोटेकार, हे अजूनही त्या-त्या गावाचं आहे.

यातलं काय हलवता येतं? मुसळां खेळ आणि पोटेकार हलवू नका. मुसळां खेळ चांदोरच्या ठरावीक समाजाचा, ठरावीक वाटेचा आणि घराघरांच्या मानाचा आहे. पुण्यात मुसळं आपटली तर फक्त आवाज होईल. आसाल्त, पीठ, खेळ, खाणं या चार गोष्टी मात्र कुठल्याही वाड्यात रुजतात, कारण त्यांना फक्त शेजार लागतो. तुमच्याकडे तीन सोसायट्या आहेत, म्हणजे तीन वाडे आहेतच.

---

तिथीमिती

तारखेचं गणित लिहून ठेवतो, दरवर्षी शोधत बसायला नको. ईस्टरच्या रविवारातून ४६ दिवस वजा केले की राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, येतो. त्याच्या आधीचा शनिवार ते मंगळवार म्हणजे कार्निव्हल. राखेचा बुधवार लवकरात लवकर ४ फेब्रुवारी, उशिरात उशिरा १० मार्च.

२०२७: ईस्टर २८ मार्च, राखेचा बुधवार १० फेब्रुवारी, कार्निव्हल ६ ते ९ फेब्रुवारी.
२०२८: ईस्टर १६ एप्रिल, बुधवार १ मार्च, कार्निव्हल २६ ते २९ फेब्रुवारी.
२०२९: ईस्टर १ एप्रिल, बुधवार १४ फेब्रुवारी, कार्निव्हल १० ते १३ फेब्रुवारी.

महाराष्ट्रात या तारखांवर तीन गोष्टी येऊन आदळतात: बारावीची लेखी परीक्षा (२०२५ ला ११ फेब्रुवारीला सुरू झाली होती), १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि महाशिवरात्र. २०२६ ला तर महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, म्हणजे थेट कार्निव्हलच्या रविवारी आली. २०२७ त्या मानाने मोकळं आहे, सुरुवातीला चांगलं वर्ष. २०२८ ला ऐन परीक्षेत येईल, तेव्हा आवाजाचे कार्यक्रम शनिवार-रविवार दुपारीच उरकावे लागतील.

'पुढच्या शनिवार-रविवारी करू, गोव्याला गेलेली माणसं परत येतील' अशी सूचना समितीत येतेच. ती मानू नका. बुधवारनंतरचा कार्निव्हल म्हणजे उपवासात घातलेली मेजवानी. तुमची निम्मी माणसं त्या दिवशी येणार नाहीत आणि त्यांचं बरोबर असेल.

---

पिठाची_पुडी

पुड्यांबद्दल. 'कोकोत' म्हणतात त्या. कागदाच्या छोट्या पुडीत पीठ भरून एकमेकांवर फेकायची, अंगावर आपटली की फुटली पाहिजे. सगळं कसब कागदात आहे.

कागद: पतंगाचा कागद. १५ सेंमी चौकोन कापा. वर्तमानपत्राचा कागद जाड, तो फुटत नाही, अंगाला लागतो आणि शाई कपड्यांवर उतरते. टिश्यू पेपर हातातच फाटतो.

पीठ: २० ते २५ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. मधोमध ठेवून चारही टोकं वर घ्यायची आणि एकच हलका पीळ द्यायचा. दोरा बांधायचा नाही, चिकटपट्टी तर मुळीच नाही. पीठ दाबून भरलं तर पुडीचा खडा होतो. डोळ्याला लागतं ते अशाच पुडीचं. भरल्यावर पुडी बोटांमध्ये मऊ लागली पाहिजे.

२०० माणसांना प्रत्येकी ४ धरून ८०० पुड्या, म्हणजे २० किलो. चार जणांना एका संध्याकाळी ३०० च्या आसपास होतात, त्यामुळे तीन संध्याकाळी धरा. आदल्या आठवड्याच्या आधी भरू नका, ओल धरली की गोळे होतात.

कुठलं पीठ: गव्हाचं आणि मैदा टाळा. घाम किंवा पाणी लागलं की कणीक होते, केसांतून निघता निघत नाही. मक्याचं स्टार्च सगळ्यात बरं. रंगपंचमीचा कोरडा रंग याच्यावरच करतात, तेव्हा रंगवाल्याकडे 'बिनरंगी' मागितलं तर पोत्याने मिळतं. झटकलं की जातं.

आता काय बिघडतं ते. एक, गुळगुळीत फरशीवर स्टार्च आणि पाणी एकत्र आलं की माणसं घसरून पडतात. म्हणून पीठ आणि पिचकाऱ्या एका वेळी नकोत. तुमचं पटांगण फरसबंद आहे, पीठ तिथे न खेळता डांबरी गल्लीत खेळा. दोन, हवेत उडालेलं बारीक पीठ ज्योतीजवळ पेट घेतं, भपकन. मशाली, शेगड्या, फटाके, जनरेटर यांपासून किमान १५ मीटर लांब, आणि बंद हॉलमध्ये कधीच नाही. तीन, दमेकऱ्यांना वेळ आधी सांगा: अर्धा तासच खेळ, साडेचार ते पाच, नंतर झाडू.

---

ताटावर_पाट

लेख चांगला, पण एक अडचण स्पष्ट सांगायला हवी. मराठी घरांमध्ये खाण्याचं पीठ उधळणं बऱ्याच जणांना बोचतं. अन्नाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आहेत. पहिल्याच वर्षी तांदळाचं पीठ रस्त्यावर दिसलं तर अर्धी सोसायटी दुसऱ्या वर्षी येणार नाही.

---

पिठाची_पुडी

@ताटावर_पाट, मुद्दा रास्त. म्हणूनच रंगवाल्याचं स्टार्च म्हणतेय, ते खाण्याच्या प्रतीचं नसतं. पत्रकात 'पीठ' न लिहिता 'कोरडी पांढरी पूड' लिहा. आणि पुड्या शेगडी-स्वयंपाकाच्या बाजूला बसून भरू नका, दुसऱ्या खोलीत भरा. दिसण्यातूनच निम्मा गैरसमज होतो.

---

घुमट_आणि_ढोल

खेळाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते पुण्यात पहिल्या वर्षी एकच गोष्ट करायची असेल तर ती हीच.

साष्टीत इंत्रुजाच्या दिवसांत खेळ-मंडळी वाड्यावाड्यावर फिरत. मंडप नाही, पडदा नाही. अंगणात लोक गोल करून उभे, मध्ये जागा, एका बाजूला वादक. कथा गावातलीच: सावकार, भाटकार, परदेशातून आलेला नवरा, भांडकुदळ शेजारी. पुढे तेच रंगमंचावर गेलं तेव्हा त्याला 'नॉन-स्टॉप' म्हणू लागले, कारण तियात्रासारखी (कोंकणी संगीत-नाटक) कथेबाहेरची कांतारं, म्हणजे गाणी, मध्ये नसत. आणि भाषिक मातीबाहेर जाऊन रुजायचं म्हणाल तर खुद्द तियात्राचा जन्म १८९२ साली मुंबईतला आहे. पोटासाठी मुंबईत आलेल्या गोंयकारांनी तो तिथे उभा केला आणि मग तो गोव्यात गेला. तेव्हा 'महाराष्ट्रात चालेल का' ही शंका सोडा.

मांडणी अशी करा:

जागा: ६ मीटर व्यासाचं वर्तुळ, चुन्याने आखलेलं. तीन बाजूंना लोक, चौथ्या बाजूला वादक आणि नटांची ये-जा. पुढची रांग जमिनीवर बसलेली, मागची खुर्च्यांवर, त्यामागे उभे. २०० माणसांना माइक लागत नाही, जर भिंत पाठीशी असेल तर. मोकळ्या बाजूला तोंड करून बोललं की शब्द उडून जातात.

वेळ: मूळ खेळ तासाभराचा. मिश्र प्रेक्षकांसाठी २५ मिनिटांचा करा आणि तोच तीन ठिकाणी, प्रत्येक सोसायटीत एकदा. फिरणं हा खेळाचा आत्मा आहे. लोकांना एका जागी बोलावून एकदाच दाखवलात तर ती एकांकिका झाली.

माणसं: ७ ते ८ नट, ४ वादक. त्याहून जास्त नको. वर्तुळात गर्दी होते आणि प्रवेश-निर्गमन कळत नाही.

भाषा: कोंकणी ठेवा. मराठी माणसाला ती निम्म्याहून अधिक कळते, अडतं ते वेगाने बोललेल्या विनोदाला. उपाय जुना आहे: एक पात्र मराठी बोलणारं घाला, भाडेकरू किंवा पोस्टमन, ज्याला सगळं विचारावं लागतं. बाकीची पात्रं त्याला समजावतात आणि प्रेक्षकांनाही कळतं. भाषांतर वाचून दाखवणारा निवेदक ठेवू नका, लय मरते.

वाद्यं: ट्रम्पेट, व्हायोलिन, एक ड्रम, एक घुमट (तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं भांडं). घुमटाबद्दल काळजीपूर्वक वाचा. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असे. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तसं जुनं घुमट बाळगणंही अडचणीचं. बकऱ्याच्या कातड्याचं घ्या, गोव्यात आता तसंच बनवतात (२०१९ पासून ते राज्याचं वारसा-वाद्य आहे). बकऱ्याचं कातडं दमट हवेत सैल पडतं; पुण्याच्या फेब्रुवारीत उलट होतं, दुपारी ते फार ताणलं जाऊन कडेला तडकतं. उन्हात ठेवायचं नाही, सावलीत सुती कापडात गुंडाळून ठेवायचं आणि वाजवायच्या आधी दहा मिनिटं उन्हाला दाखवायचं. मातीचं भांडं असल्याने बसच्या डिकीत फुटतं. आत जुने कपडे ठासा, बाहेर पेंढा, आणि मांडीवर आणा.

टीका कुणावर करायची? खेळाचं हत्यार तेच आहे. पाणीपट्टी, पार्किंग, लिफ्ट, समितीची निवडणूक, यावर मनसोक्त करा. माणसाचं नाव, जात, आजार, घरातलं भांडण यावर नाही. संहिता लिहून काढा, उत्स्फूर्त सोडू नका, त्याचं कारण खाली कुणी परवानग्यांवर लिहील तेव्हा कळेल.

---

लाल_फीत

परवानग्या. खासगी आवारात आणि सार्वजनिक रस्त्यावर, दोन्हींचे नियम वेगळे, हे पहिलं लक्षात ठेवा. सोसायटीच्या हद्दीतून बाहेर एक पाऊल टाकलं की मिरवणूक.

१. सोसायट्यांचे ठराव. तिन्ही समित्यांचे लेखी. हे नसेल तर पुढचं काही हलत नाही.

२. स्थानिक पोलीस ठाणे आणि वाहतूक शाखा. किमान ३० दिवस आधी अर्ज. सोबत मार्गाचा हाताने काढलेला का होईना नकाशा, सुरू-संपण्याची वेळ, माणसांची संख्या, स्वयंसेवकांची यादी. पूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे असतील तर अर्जातच लिहा. ऐन वेळी काढायला लावतात. अर्धे मुखवटे (नाकापर्यंत) केलेत तर प्रश्नच येत नाही.

३. ध्वनिक्षेपक. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्र. वर्षातले मोजके दिवस शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, पण ते दिवस ठरलेले असतात, त्यात कार्निव्हल गृहीत धरू नका. ब्रास बँडला ध्वनिक्षेपक लागत नाही म्हणून तो मोजला जात नाही असं नाही. तक्रार आली तर मोजतात.

४. खेळ. महाराष्ट्रात नाट्यप्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. बंद आवारातल्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनाला कुणी विचारत नाही, पण पत्रक वाटून बाहेरच्यांना बोलावलंत की विचारू शकतात. संहिता कोंकणीत असेल तर सोबत मराठी सारांश जोडा. दोन महिने आधी.

५. दारू. हे नीट वाचा. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, एक बाटलीही. फेणीचा मोह आवरा. समारंभात मद्य द्यायचंच असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना, आणि महाराष्ट्रात विकत घेतलेलंच मद्य. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं नकोच. परवानग्या निम्म्याने सोप्या होतात आणि घरातली म्हातारी माणसं, मुलं मोकळेपणाने येतात.

६. ध्वनिमुद्रित गाणी वाजवणार असाल तर हक्कधारक संस्थांचा परवाना. थेट वाजवणारा बँड असला तरी दुसऱ्यांची रचना वाजवत असेल तर विचारून घ्या. जुनी मांडो-दुलपदं (गोव्याची पारंपरिक कोंकणी गाणी) निवडलीत तर हा खर्च बराच वाचतो.

---

ट्रॉलीवाला

सगळे फ्लोटच्या विरोधात दिसतात. मी त्यांची बाजू मांडतो. आतल्या गल्लीतला कार्यक्रम बाहेरच्याला दिसत नाही, आणि न दिसणारी गोष्ट तिसऱ्या वर्षी बंद पडते. एकच फ्लोट करा, पण नीट.

ट्रॅक्टरची ट्रॉली घ्या, ट्रक नको. ट्रॉलीचा तळ साधारण ९० सेंमी उंचीवर असतो, लहान मुलांना चढता येतं. रस्त्यावरून आडव्या जाणाऱ्या कमी दाबाच्या वीजतारा नियमानुसार ५.८ मीटरवर असायला हव्यात, पण केबलवाल्यांच्या तारा ४ मीटरवरही लोंबतात. फ्लोटची एकूण उंची जमिनीपासून ३.५ मीटरच्या आत. आदल्या दिवशी ३.५ मीटरची बांबूची काठी घेऊन पूर्ण मार्ग चाला. हातात लोखंडी सळई नको, बांबूच.

थर्माकोल विसरा. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे. बांबूचा सांगाडा, सुतळीच्या गाठी, त्यावर मांजरपाट, त्यावर खळ आणि रंग. खिळ्यांऐवजी गाठी, कारण ट्रॉलीला हादरे बसतात. खिळा ढिला होतो, गाठ आवळत जाते. कडेला ७५ सेंमीचा कठडा. चाकांपुढे दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं दोरी धरून, फक्त चाकांवर लक्ष ठेवायला, त्यांना दुसरं काम नको. मिठाई वा पुड्या फेकल्या की मुलं थेट चाकाकडे धावतात. मिरवणुकांत जीव जातो तो असाच. म्हणून चालत्या फ्लोटवरून काहीही फेकायचं नाही. थांबल्यावर, हातात द्यायचं.

वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये तासभर चालला की तापतो, दर २० मिनिटांनी ५ मिनिटं थांबवा. खेळाचे तीन थांबे तिथेच जुळवा.

---

साष्टीची_वाट

@ट्रॉलीवाला, एका फ्लोटला माझी ना नाही, खेळाच्या थांब्यांशी जोडण्याची कल्पना तर उत्तम. फक्त त्यावर प्रायोजकाचा फलक नको. गोव्यातल्या ताफ्यावर वर्षानुवर्षं होणारी टीका हीच, की फ्लोट म्हणजे चालत्या जाहिराती झाल्या.

---

स्विंडनकर

इंग्लंडमधून लिहिते आहे. इथे स्विंडनला गोंयकारांची मोठी वस्ती आहे. उघड्यावर काही करायची सोय नाही, फेब्रुवारीत दुपारीही ८ अंशांच्या आसपास. म्हणून सगळं भाड्याच्या हॉलमध्ये. पुण्यात हॉल वापरणार असाल तर दोन सूचना. उडालेल्या पुडीने धुराचे संवेदक वाजतात, अग्निशमन गाडी येते आणि तिचा भुर्दंड आयोजकावर. आणि लाकडी जमिनीवर पुडीचा पातळ थर बसला की नाचताना बर्फासारखं घसरतं. हॉलमध्ये पुड्यांऐवजी कागदाचे लांब फिते वापरा, १० मिमी रुंद, ३ मीटर लांब, गुंडाळी करून. टिकल्यांएवढे कागदाचे तुकडे नकोत, ते झाडताना रडू येतं.

हवेमुळे कार्निव्हलचं काय होतं याचं उदाहरण लंडनमध्येच आहे. पत्रकार-कार्यकर्त्या क्लॉडिया जोन्स यांनी ३० जानेवारी १९५९ ला सेंट पँक्रस टाऊन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल केला, आदल्या वर्षीच्या नॉटिंग हिलच्या वर्णद्वेषी दंगलींनंतर. उपवासाआधीची वेळ पाळायची म्हणून हिवाळा, आणि हिवाळा म्हणून छताखाली. पुढे १९६० च्या दशकात रस्त्यावर यायचं ठरलं तेव्हा तो उन्हाळ्याच्या अखेरीस गेला आणि पुढे ऑगस्टमध्ये स्थिरावला. टोरांटोचा १९६७ मध्ये सुरू झाला तोही उन्हाळ्यातच. न्यूयॉर्कला हार्लेममध्ये आधी हिवाळ्यात बंद दालनातले नाच होते, मग १९४७ पासून सप्टेंबरच्या कामगार दिनाला रस्त्यावर. तिन्ही ठिकाणी रस्ता मिळाला, वेळ गेली, आणि वेळेबरोबर उपवासाशी असलेलं नातंही. आज तिथे फार थोड्यांना आठवतं की हे मुळात राखेच्या बुधवारच्या आधीचं होतं.

पुण्याला ही निवड करावी लागत नाही. फेब्रुवारीत कोरडी हवा, दुपारी ३० अंश, संध्याकाळी गार वारा. रस्ता आणि तिथी, दोन्ही मिळताहेत. ती सोडू नका.

---

लगद्याचा_माणूस

मुखवट्यांबद्दल थोडक्यात. बाजारातले प्लास्टिकचे नकोत, घामाने चिकटतात.

शाडूचा साचा, त्यावर पातळ तेल, मग कागदाच्या पट्ट्यांचे ६ थर. एक थर पांढऱ्या, एक थर छापील कागदाचा, म्हणजे कुठे राहिला ते दिसतं. खळ मैद्याची: १०० ग्रॅम मैदा, ७०० मिली पाणी, शिजवून पारदर्शक होईपर्यंत. कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद घालतात. मुखवटा तोंडावर लागतो, मोरचूद विषारी आहे, घालू नका. ५ ग्रॅम तुरटी पुरते. दोन थर झाले की रात्रभर सावलीत वाळवा, मग पुढचे दोन. सहाही एकदम दिले तर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि तिसऱ्या दिवशी वाकडा होतो.

डोळ्यांची भोकं ३ सेंमी, नाकाखाली उघडा. कपाळ आणि गालांवर आतून फोमच्या तीन पट्ट्या, म्हणजे हवा खेळते आणि चष्मा मावतो.

---

चुलीपाशी

इंत्रुजाचं खाणं म्हणजे उपवासाआधी घरातलं मांस, अंडी, तूप संपवणं. म्हणून मंगळवारी रात्री भांडी रिकामी झाली पाहिजेत, एवढा हिशेब ठेवून रांधा.

सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण): २०० पैकी डुकराचं खाणारे १०० धरले तर १० किलो मांस, त्यात २ किलो काळीज. उकडून ६ मिमीचे तुकडे, आपल्याच चरबीत परतणं, मग मसाला. किलोला १५-१८ काश्मिरी मिरच्या आणि १२० मिली माडाचा शिर्का. साधा व्हिनेगर फार तिखट आंबट, तो वापरायचा तर ८० मिली घ्या. गुरुवारी शिजवा, शनिवारी वाढा. रोज एकदा खळखळून उकळी, झाकण ठेवून गार, मग फ्रिज. घाईने त्याच दिवशी वाढलेलं सोरपोतेल शिर्क्याचं पाणी लागतं. भांडी, डाव, टेबल पूर्ण वेगळं, आणि टेबलावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं. पाहुण्याला विचारायची वेळ येऊ देऊ नका.

सगळ्यांसाठी एकच पदार्थ निवडायचा तर फिलोस, केळ्याचे छोटे धिरडेवजा गोड पॅनकेक. ४ पिकलेली केळी (४०० ग्रॅम), २०० ग्रॅम मैदा, २ अंडी, ५० ग्रॅम साखर, १५० मिली नारळाचं दूध, जायफळ, चिमूट मीठ. २० मिनिटं झाकून ठेवायचं, तुपावर मध्यम आचेवर. १६ ते १८ होतात, २०० जणांना बारापट करा. केळी काळी पडलेली असतील तर नारळाचं दूध १०० मिलीवर आणा, नाहीतर उलटताना तुटतात. अंडं न खाणाऱ्यांसाठी वेगळी परात: अंड्यांऐवजी ५० ग्रॅम रवा आणि दोन चमचे दही.

सान्नां (इडलीसारखी, पण सुरेने म्हणजे माडीने फुगवलेली) करायची तर सूर पुण्यात ताजी मिळणं कठीण. ५०० ग्रॅम तांदळाला ५ ग्रॅम कोरडं यीस्ट आणि शहाळ्याचं पाणी. पुण्याच्या रात्री गार असतात, गोव्यात तीन तासांत फुगणारं पीठ इथे सहा घेतं. पहाटेच वाटून ठेवा.

---

कॅम्पातली_गल्ली (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. यावरून ठरवलेलं वेळापत्रक टाकतो, चुका काढा.

शनिवार ६ फेब्रुवारी: दुपारी ४ ला फर्मानवाचन (मोमोचा मुकुट, मराठी आणि कोंकणी दोन्ही), साडेचार ते पाच पुड्या, मग झाडलोट, जेवण.
रविवार ७: एक फ्लोट, सोबत खेळ तिन्ही सोसायट्यांत, ४ ते ७.
सोमवार ८: आसाल्त. घरं आधी ठरवायची का?
मंगळवार ९: हॉलमध्ये नाच, रात्री १० पर्यंत.

---

साष्टीची_वाट

बरंचसं जमलंय. आसाल्तसाठी घरं ठरवा, पण वेळ सांगू नका. ८ घरांची संमती घ्या, त्यांतल्या ५ घरी जा. एका घरात १५ मिनिटं, २० पेक्षा जास्त माणसं आत नकोत, खाणं आपण सोबत घेऊन जायचं. ज्या घरी आजारी माणूस वा सहा महिन्यांचं मूल आहे ते घर यादीतून आधीच काढा. मराठी घरं किमान दोन असू द्या. यजमानाला एकच काम: दार उघडल्यावर दचकल्याचं दाखवणं.

---

तिथीमिती

मंगळवारचं एक. १० ला आवाज बंद करून 'संपलं' म्हणू नका. पावणेदहाला वादकांनी शेवटचं दुलपद धरायचं, ते संपल्यावर मोमोने मुकुट काढून टेबलावर ठेवायचा आणि दिवे लावायचे. बुधवारी सकाळी कपाळावर राख घ्यायला जाणाऱ्यांना गल्ली झाडलेली मिळाली पाहिजे, तेव्हा झाडूवाल्या गटाची नावं आत्ताच लिहा. सहा माणसं, दोन तास.

---

पिठाची_पुडी

सहाला दोन तास पुरणार नाहीत, पटांगणही आहे. आठ करा. आणि कोरडंच झाडा, पाणी मारून नको.